उताणा पडून आलेला चोर

१

भिलाईत कॅम्प-१ च्या बुद्धविहाराला लागून जी खोली आहे, तिथून पेटी गेली. गाण्याची पेटी, हार्मोनियम. राजदीप ही बातमी घेऊन रिसालीला घरी आला तेव्हा चोराचं नावही सोबतच घेऊन आला, आणि शेवंताबाईंना पहिला संशय आला तो नातवाच्या अकलेचा.

"चंदानंच नेली, आजी. चाबी एकच, अन् थे तिच्यापाशी. कुलूप टुटलं नाई, शटर टुटलं नाई. मामला साफ है."

"बूट काढ आधी. फरशी आताच पुसली."

"पूरी कमिटी यही बोल रही है."

"कमिटी म्हणजे कोन बे? तू अन् तुये चार मोबाइलवाले."

राजदीप पोलादाच्या प्लांटात कायम नोकरीवर होता आणि विहाराच्या कमिटीचा सचिव होता. सचिव झाल्यापासून त्याला वाटायचं, आपण बोललो म्हणजे ते ठरलं. शेवंताबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळेपर्यंतच. पण दवाखान्याच्या हड्डी वार्डात एकतीस वर्षं आया म्हणून काढलेली बाई. मोडलेलं माणूस खरं कण्हतं की खोटं, हे तिला पडद्याआडून कळायचं.

"मंग काय ठरवलं तुमी?"

"रविवारी बैठक आहे. तोवर पेटी आली नाई तं चंदापासून चाबी घेऊन घ्यायची."

"अन् थ्या एकोनीस पोट्ट्या कुठं बसतीन? तुया डोक्यावर?"

राजदीप बूट काढू लागला. चंदा त्या खोलीत रोज चार वाजता वस्तीतल्या मुलींचा अभ्यास घ्यायची. घरात दहा बाय दहाची एक खोली, त्यात टीव्ही, त्यात बापाचा खोकला. नर्सिंगच्या परीक्षेचा स्वतःचा अभ्यासही ती तिथंच करायची. चाबी गेली की पोरींची खोली जाणार, आणि चंदाच्या कपाळावर चोर हा शब्द गोंदल्यासारखा राहणार. कॅम्प-१ मध्ये घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. तिथं आळ भिंतीतून झिरपतो.

आणि पेटी तरी कोणती? शेवंताबाईंचे मालक टिकाराम आणि त्यांचे दोस्त पंजाबराव गोंदियाकडून एकाच पॅसेंजरनं भिलाईला आले, तेव्हा प्लांटच्या चिमण्या अजून नव्या होत्या आणि कॅम्पात चटयांच्या झोपड्या होत्या. शिफ्ट सुटली की सिगड्यांचा धूर, त्या धुरातून येणारे निळे डगले, आणि जरा वेळानं पंजाबरावांच्या पेटीचा पहिला सूर. बाया म्हणायच्या, पेटी वाजली, आता कालवणात मीठ टाका. जेवायची वेळ घड्याळावर नव्हे, पेटीवर होती. टिकारामला जाऊन आता बारा वर्षं झाली.

शेवंताबाईंनी पायात चपला सरकवल्या.

"काढ स्कूटी. अन् मले एक सांग, पेटीचं खोकं कुठं आहे? थे लाकडाचं, वर मूठ असलेलं?"

"खोका? थो तं तिथंच पडला आहे."

शेवंताबाई दारातच थांबल्या. पेटी चोरायची आणि उचलायची मूठ मागं सोडायची, असा चोर त्यांनी अजून ऐकला नव्हता.

२

चंदा खोलीसमोर उभी होती, हातात चाबी, डोळे सुजलेले. पण मान ताठ. शेवंताबाईंना ते आवडलं.

"जय भीम, आजी."

"जय भीम. रडली का व?"

"नाई. कांदा चिरला."

"बरं. जेवली?"

"आई कालपासून बोलत नाई माझ्यासोबत. जेवाले वाढते, पन बोलत नाई."

राजदीप मोबाइल पाहू लागला. शेवंताबाईंनी चंदाला बाजूला घेतलं. "खरं सांग पोरी. काल दुपारी कुलूप लावलं होतं?"

चंदाची मान पहिल्यांदा खाली गेली. "नाई, आजी. दुपारी कोनीच लावत नाई."

हे खरं होतं. त्या गल्लीत एक ते चार सगळेच शटर नुसतं पाडून घरी जातात; शिलाईवाला, किराणावाला, सगळे. विहाराच्या शटरची तर स्प्रिंग दोन वर्षांपासून मेलेली. वजन हेच कुलूप. चंदाला ते वर करायला सोबत दोन पोरी लागायच्या. रात्री तेवढं कुलूप लागायचं.

"मंग कालच कावून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं म्हटलं असतं, चोर नाई तं बेफिकीर आहे. चाबी तं दोन्हीतनं जाते."

म्हणजे चाबी जिच्यापाशी तीच चोर, हा हिशेबच मिटला. आता प्रश्न होता, ते जड शटर एकट्यानं उचललं कोणी?

खोलीत भीमजयंतीची तयारी चालू होती. दहा दिवसांपासून चुनेवाले सकाळी यायचे, बाराला जायचे. फरशीवर, मंचावर, शटरच्या पट्टीवर पांढरी भुकटी बसलेली. प्रफुल तिथंच वायरी गुंडाळत होता. तिशीचा गडी, दंड मांडीएवढे, जयंतीला नवा कीबोर्ड तोच वाजवणार होता.

"प्रफुल, शटर पाड अन् उचल. एकट्यानं."

"अभी लो, आजी." त्यानं वाकून दोन्ही हातांची बोटं पट्टीखाली घातली, तळवे वर, आणि शटर खडखडत छातीपर्यंत आणलं.

"धरून ठेव. हलू नको."

शेवंताबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी त्यांनाही दटावलं. पट्टीच्या आतल्या अंगाला भुकटीत प्रफुलच्या आठ बोटांचे ताजे ठसे होते, आकड्यासारखे. पण पट्टीच्या अगदी खालच्या अंगाला आणखी दोन ठसे होते, बोटांचे नव्हेत, तळव्यांचे. अख्खा तळवा खालून टेकवून रेटलेला.

"आजी, हात दुखून राहिले!"

"एवढे दंड काय फोटो काढाले वाढवले का? थांब."

उंबऱ्याच्या आत, पोरींच्या पावलांनी पुसटलेल्या भुकटीत, एक रुंद पट्टा झाडल्यासारखा साफ होता. त्या पट्ट्याच्या टोकाला फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग. त्यांनी बोट लावून वास घेतला. खोबरेल. शेजारी एक वीट, वरची कड ताजी उडालेली.

पोटावर सरपटणाऱ्याचं डोकं फरशीला लागत नाही. हा माणूस पाठीवर पडून आत आला होता.

३

शामसुंदर साउंडवाल्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. माणूस गोड, इतका की चहात साखर नको.

"बाई, मी कशाला चोरू? थे पेटी तं तशीबी माझ्याकडेच येनार होती. कमिटीनं ठरवलं न, जुनी पेटी मले द्यायची, मी नवा कीबोर्ड लावून देनार. मंगळवारीच बोलनं झालं."

"मंगळवारी? कोना कोनाले मालूम होतं?"

"राजदीप, प्रफुल, मी. अन् बुधवारी सकाळी मीच पंजाबराव बाबाले सांगितलं. म्हटलं, बाबा, तुमची पेटी शोकेसमंधी ठेवतो, ऊपर माळ घालतो."

"काय म्हटलं त्यायनं?"

"काही नाई. पानी मागितलं."

प्रफुलला विचारलं तर तो हसला. "आजी, मले पेटी येतच नाई. एका हातानं हवा भरा, एका हातानं वाजवा. ये तो मजदूरी है. मी प्लग लावतो अन् बसतो."

दोघांनाही शटर सरळ उभ्यानं उचलता येत होतं. पाठीवर लोळायची त्यांना गरज काय?

पंजाबरावांचं घर विहाराच्या मागेच. न भेटता गेलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. चौऱ्याहत्तरचे झाले होते. नोव्हेंबरात स्कूटरवरून पडले आणि डावं कोपर तीन ठिकाणी मोडलं. पट्टा निघाला होता, पण सून नूतन त्यांना पाण्याचा गडूही उचलू देत नव्हती.

"या वहिनी," ते खुर्चीतून म्हणाले. "उठत नाई, राग नका मानू."

"बसा भाऊजी. तुमचं बसनं मी पन्नास वर्षं पाह्यलं, आता एक दिवस उठनं नाई पाह्यलं तं चालते."

नूतननं चहा आणला. कप पंजाबरावांनी डाव्याच हातानं घेतला, पण वरून, कडेला धरून, तळवा जमिनीकडे आणि कोपर बरगडीला चिकटलेलं. शेवंताबाईंनी मनात मान हलवली. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईनं शिकवलेलं म्हातारा नीट पाळत होता.

"पेटीचं समजलं न?" त्या म्हणाल्या.

"हो. चंदाले काय करून राहिले?"

"रविवारी ठरवतीन."

पंजाबरावांनी चहा अर्धाच पिऊन ठेवला. जरा वेळ गावाकडच्या, जुन्या मंडळींच्या गोष्टी झाल्या. कोण गेलं, कोणाची नातवंडं रायपूरला, कोणाचं क्वार्टर कोणाला मिळालं. मग मध्येच ते म्हणाले, "चाबी काढतीन का तिच्यापासून?"

दुसऱ्यांदा तेच. पेटीबद्दल मात्र एकदाही नाही. जिच्यावर आयुष्य काढलं, ती गेली, आणि हा माणूस पोरीचं विचारतो.

निघताना नूतन मोरीपर्यंत आली. बादलीत पांढरे सदरे भिजत होते.

"मावशी, तुमीच समजावा यायले. सदरा रोज घालतात, रोज मळवतात. अन् कुठं? पाठीत! चुनाच चुना. खुर्चीवर बसनाऱ्या मानसाची पाठ मळतेच कशी?"

"व्यायाम करत असतीन खाली पडून."

"व्यायाम तं चटईवर करतात. मी सोता अंथरून देतो. अन् घरात फरशी आहे, चुना कुठून आला?"

"किती दिवस झाले?"

"आठ तं झाले असतीन."

शेवंताबाईंनी पदर खोचला. चोर एकदा येतो. हा आठ वेळा आला होता.

४

परत येताना त्यांनी राजदीपला सेक्टर १० मधून गाडी घ्यायला लावली. टिकाराम निवृत्त होईपर्यंत त्यांचं क्वार्टर तिथं होतं. आता दुसऱ्याचं कुलूप, दुसऱ्याची तुळस. मागच्या आवारात त्यांनी लावलेला शेवगा कोणीतरी तोडला होता.

"क्या देख रही हो, आजी?"

"तुया बापाचं बालपन. चूप बस दोन मिनिटं."

या आवारात रविवारी दोन मित्र बसायचे. टिकाराम डफ घ्यायचा, पंजाबराव पेटी. पेटी जमिनीवर, पंजाबराव मांडी घालून, आणि डावा हात पेटीच्या मागच्या भात्यावर. भाता ओढताना त्यांचं डावं कोपर अंगापासून असं बाहेर उडायचं, कोंबडीच्या पंखासारखं. पोरं मागं बसून नक्कल करायची. टिकाराम म्हणायचा, पंज्या, उडून जाशील एक दिवस. हसून हसून डफ खाली पडायचा.

शेवंताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यातच थांबलं.

हड्डी वार्डात एक जाडे डॉक्टर शिकाऊ पोरांना समजवायचे, आणि बेड पुसता पुसता त्या ऐकायच्या. कोपर म्हणजे दाराची बिजागरी समजू नका, बिजागरीत खिळा असतो, इथं खिळा नाही. इथं एक खोबण आहे. खोबणीपुढं हाडाचा एक आकडा, तो हाड मागं सटकू देत नाही. बाजूला दुसऱ्या हाडाची गोल टोपी, ती भार झेलते. आणि बाहेरच्या अंगानं एक दोरी, ती सगळ्यांना आवळून धरते. आकडा, टोपी, दोरी. घरात तिघं कमावते असावेत तसं. एक पडला तर दोघं ओढतात. तिघंही एकदम पडले, तर ते कोपर हलक्या वजनानंही जागा सोडतं.

पंजाबरावांचे तिघंही पडले होते. टोपी धातूची बसवली, आकडा बांधला, दोरी पुन्हा हाडाला शिवली. अशा माणसाला वार्डात काय सांगायचे, ते शेवंताबाईंना पाठ होतं, कारण व्यायामवाली बाई गेल्यावर रुग्णावर नजर ठेवायची ती त्यांनीच. तळवा पालथा ठेवा, पालथ्या हातात हाड खोबणीत घट्ट बसतं. हात उताणा करून सरळ कराल तर ते बाहेरून सटकायला बघेल. हात अंगापासून दूर काढून काही धरू नका, सगळा ताण त्या शिवलेल्या दोरीवर येतो. आणि व्यायाम करायचा तो उताणं पडून, हात छताकडे. तेव्हा हाताचं वजनच हाडाला हाडावर दाबतं, आणि कोपर गड्यासारखं उभं राहतं.

उभ्यानं शटर उचलायला तळवा उताणा लागतो, हात सरळ लागतो. धडधाकट माणूस तसंच उचलेल. पाठीवर लोळून रेटायची युक्ती त्याला सुचणारच नाही. ज्याला उभ्यानं उचलायची मनाई आहे, पण पडून रेटायची परवानगी आहे, तोच पायानं पट्टी जरा वर करून वीट सरकवेल, उताणा होईल, आणि दोन्ही तळव्यांनी छताकडे रेटेल.

सगळी गल्ली म्हणत होती, पंजाबराव तर गडूही उचलत नाही. गडू खरंच उचलत नव्हते. गडू उताण्या हातात लागतो.

पण पेटी? दहा-बारा किलोची पेटी त्या हातानं ते घरी कशी नेतील?

शेवंताबाईंनी राजदीपच्या पाठीवर थाप मारली. "फिरव गाडी."

"अब कहाँ?"

"परत. पेटी खोलीच्या बाहेर गेलीच नाई, मूर्खा. तुमी साऱ्या भिलाईत शोधून राहिले, मंचाखाली कोनी वाकलं नाई."

५

राजदीपला त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसावर बसवलं आणि पंजाबरावांना स्वतः घेऊन आल्या. चंदानं पोरींसोबत शटर वर केलं आणि त्यांच्या सांगण्यावरून बाहेर थांबली. आजूबाजूला कूलर असे घरघरत होते की आत कोणी ओरडलं असतं तरी बाहेर कळलं नसतं. आठ दुपारी पेटीचा सूर असाच तर दडला होता.

"भाऊजी, मले वाकाले जमत नाई. पेटी तुमी घातली, तुमीच काढा."

पंजाबरावांनी मंचाकडे पाहिलं. "कसं समजलं, वहिनी?"

"तुमच्या पाठीनं सांगितलं. अन् खोक्यानं. खोक्यात असती तं पेटी मंचाखाली गेली नसती, उंच होते. म्हणून खोकं बाहेर राह्यलं. सतरंजीवर ठेवून पायानं ढकलली न?"

त्यांनी मान हलवली. "मी चोरली नाई. लपवली."

"तुमच्यापाशी दोन शब्द आहेत. त्या पोरीपाशी एकच आहे, चोर."

म्हातारा मंचाच्या कडेवर बसला. हळूहळू सगळं आलं. आठ दिवस दुपारी येत होते, हात पुन्हा वाजवतो का पाहायला. लोकांसमोर पाहायची हिंमत नव्हती. जयंतीला कमिटी त्यांना शाल घालून खुर्चीत बसवणार होती. ते म्हणाले, शाल मेल्यावरही घालता येते. भाता ओढायला गेलं की कोपर आत खटकन हलायचं आणि घाम फुटायचा. तरी रोज थोडं पुढं जात होतं. आणि बुधवारी शामसुंदर येऊन शोकेसचं बोलला.

"वाटलं, चार दिवस मिळाले पायजे. आधी वाटलं, सापडनच कोनाले तरी. मंग चंदाचं नाव आलं. मंग कोन्या तोंडानं सांगू? बुढा झालो अन् पेटी लपवतो लेकरासारखा."

"कोपर मोडलं भाऊजी, जीभ तं साबूत होती."

याच माणसानं टिकारामच्या तिरडीपुढं रात्रभर पेटी वाजवली होती. शेवंताबाईंनी मंचावरची चौकी ओढली.

"काढा बाहेर. जमिनीवर नका ठेवू, या चौकीवर ठेवतो मी. आता खेटून बसा. आनखी खेटून, लाजता कायले? कोपर बरगडीले लावा. पंख बंद. भाता नुसता मनगटानं ढकला, हात पालथा."

पहिल्यांदा फुस्स झालं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा भात्यात थोडी हवा राहिली आणि एक सूर निघाला, बारीक, चिरकलेला, जेमतेम दोन श्वास टिकणारा. पंजाबरावांनी हात थांबवला आणि कोपराकडे पाहिलं. ते हललं नव्हतं.

"गानं नाई व्हायचं एवढ्यानं," ते म्हणाले.

"नाई व्हायचं. आधी बैठक. तिथं मी बोलनार नाई, तुमी बोलाल. नाई बोलले तं मंग मी बोलीन, अन् माझं बोलनं तुमाले माहीत आहे."

६

रविवारी पंजाबराव बोलले. उभे राहून, काहीही न लपवता. शामसुंदर पुटपुटला, "बाबा, मागितली असती तं मीच सोडली असती." कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

राजदीपचे कान लाल झाले होते. आजीनं त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं, मुद्दामच. तो उठला. "चंदा, गलती हो गई. कमिटीकडून माफी मागतो. चाबी तुझ्यापाशीच राहीन."

सगळ्यांना वाटलं, झालं. राजदीप बसायलाही लागला.

चंदा उठली. "आळ इथं घेतला होता का, दादा?"

"मतलब?"

"आळ गल्लीत घेतला होता. शिलाईवाल्याच्या दुकानात, नळावर, आमच्या दारासमोर. माफी बैठकीत मागता. बैठकीत मले कोन चोर म्हनत होतं? गल्लीत मागा. घरोघरी."

"घर घर? पूरी गली में?"

"हो."

राजदीपनं आजीकडे पाहिलं. आजी छताकडे पाहत होती.

पंजाबराव काठी घेऊन आधीच दाराकडे निघाले होते. "चाल बेटा," ते राजदीपला म्हणाले. "माझी गलती मोठी आहे, मी पुढं होतो."

मग ते तिघं गल्लीत निघाले आणि मागून शेवंताबाई, कोणी घर चुकवू नये म्हणून. पंजाबराव प्रत्येक दारात थांबायचे, पालथा हात छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "चंदानं चोरी केली नाई. पेटी मी लपवली होती." राजदीप मागून म्हणायचा, "अन् नाव मी घेतलं होतं." एका दारात लोक हसले, एकात पाणी दिलं. एका म्हातारीला ऐकूच येत नव्हतं, तिला तीनदा सांगावं लागलं, आणि सगळं समजल्यावर ती म्हणाली की मले तं चोरी झाली हेच मालूम नव्हतं. राजदीपचा चेहरा पाहून शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

जुनी दारं होती ती. यातल्या निम्म्या घरांत शेवंताबाई नवी नवरी म्हणून हळदीकुंकवाविना नुसतं गोड तोंड करून आल्या होत्या. कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या मयतीला. आता दारात उभी असलेली माणसं बहुतेक नवी होती. चौकटी त्याच.

शेवटचं घर चंदाचं. तिची आई कांता चुलीसारखी तापलेली दारात उभी होती, हात पिठाचे.

पंजाबरावांनी वाक्य म्हटलं. राजदीपनं म्हटलं.

"मले कायले सांगता?" कांता म्हणाली. "मले मालूमच होतं."

चंदा एवढा वेळ ताठ चालत आली होती. ती तिथं फुटली. "मालूम होतं तं बोलत कावून नोती माझ्यासोबत? पाच दिवस, आई! मले वाटलं तूबी..."

"तुझ्यावर नोती रुसली मी." कांतानं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. "नळावर थ्या बाया बोलून राहिल्या होत्या तुया नावानं. मी बालटी भरली अन् चूपचाप घरी आली. भांडली नाई. मंग कोन्या तोंडानं बोलू तुझ्यासोबत?"

शेवंताबाईंनी राजदीपचा दंड धरला, पंजाबरावांना डोळ्यानं खुणावलं, आणि तिघंही पाठ फिरवून चालू लागले.

मागून कांताचा आवाज आला, मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "चंदा! चाल, पहिले नळावर जाऊन येऊ दोघी."